बद्रुद्दीन तय्यबजी आणि कोर्टातली जरब

माझे मामू एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतरच्या एका रमजानमध्ये जोहरची नमाज पढून घरी येताना त्यांच्या डोळ्यांदेखत एका ट्रकने सायकलवाल्याला उडवले. सायकलवाला जागीच गेला. मामूंनी पोलिसांना जबाब दिला आणि दीड-दोन वर्षांनी त्यांना साक्षीचे समन्स आले. सरतपासणी पाच मिनिटांत संपली. मग ट्रकमालकाचा वकील उठला. त्याने ट्रकबद्दल एक अक्षर विचारले नाही. त्या दिवशी रोजा होता ना, सहरीला किती वाजता उठलात, म्हणजे झोप किती झाली, पहाटेपासून पाण्याचा थेंब पोटात नव्हता ना, दिवस उन्हाळ्याचे होते ना, चष्म्याचा नंबर किती. वर ताकीद अशी की, उत्तर फक्त हो किंवा नाही असेच हवे. मामू प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर देत गेले. दहाव्या-बाराव्या प्रश्नाला त्यांच्या ध्यानात आले की, आता आपण कोर्टापुढे रोजेदार म्हणून नाही, तर भोवळ आलेला, अर्धवट दिसणारा एक म्हातारा म्हणून उभे आहोत. मग वकिलाचा आवाज चढला, बोट नाचले, खोट्या साक्षीला तुरुंग असतो याची आठवण करून दिली गेली. अखेर मामू बोलून गेले की, ट्रक कुठल्या बाजूने आला हे आपल्याला नक्की सांगता येत नाही.

त्यांना ते नक्की ठाऊक होते. मरेपर्यंत दर रमजानमध्ये एकदा तरी ते हा किस्सा काढत, आणि त्यांचा राग वकिलापेक्षा स्वतःवरच अधिक असे. मला मात्र त्या दिवशी समोरच्या खुर्चीत बसून हे सारे मुकाट ऐकणाऱ्या न्यायाधीशांचेच जास्त नवल वाटते. प्रश्न विचारणे वकिलाचे काम. तो कुठवर जाऊ शकतो हे ठरवणारा माणूस दुसरा असतो. हे मनात आले की मुंबईचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आठवतात. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष, अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक, ही त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून सर्वांना असते. पण त्यांच्या बासष्ट वर्षांच्या आयुष्यातली जवळजवळ चाळीस वर्षे कोर्टात गेली, आधी बारच्या बाजूला आणि मग आसनावर. त्या चाळीस वर्षांबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली हे खंबायतकडच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले व्यापारी. स्वतः कष्टाने वर आलेले आणि मुलांना इंग्रजी शिक्षण द्यायचेच या जिद्दीचे. त्या काळी मुसलमान घरात ही जिद्द सोपी नव्हती. बद्रुद्दीन आधी मदरशात फारसी-उर्दू शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. डोळे लहानपणापासून अधू. १८६० मध्ये, सोळावे वर्ष पुरे होण्याच्या आत, ते इंग्लंडला शिकायला गेले. मिडल टेंपलमध्ये नाव घातले, पण डोळ्यांनी दगा दिल्याने शिक्षण अर्धवट टाकून १८६४ च्या अखेरीस मुंबईला परतावे लागले. वर्षभरात पुन्हा गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी मुंबई हायकोर्टात सनद दाखल केली. मुंबईच्या कोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

पहिले या शब्दात मान असतो, तसा एकटेपणाही असतो. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत अशील थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. तो सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर बॅरिस्टरला काम देई. सॉलिसिटर बहुतेक इंग्रज, बॅरिस्टर सगळे इंग्रज, न्यायमूर्ती इंग्रज. आणि खुद्द हिंदी अशिलाची समजूत अशी की, गोरा बॅरिस्टर उभा केला की निम्मी लढाई जिंकली. ही समजूत अगदीच खुळी होती असेही नाही. जरब ही केवळ आवाजात नसते. ती कातडीच्या रंगात असते, झग्यात असते, न्यायमूर्तींबरोबर एकाच क्लबात बसण्यात असते. बद्रुद्दीन यांच्या नशिबाने थोरले बंधू कमरुद्दीन हे आधीच सॉलिसिटर झालेले होते, मुंबईतले पहिले हिंदी सॉलिसिटर. त्यांच्या पेढीकडून पहिली कामे आली. भावाचा आधार नसता तर हा हुशार तरुण बार लायब्ररीत वर्तमानपत्रे वाचत बसला असता, असे मला वाटते.

त्या वेळचे मुंबईचे बार म्हणजे एक आखाडाच होता. आणि त्या आखाड्यातला सर्वांत गाजलेला मल्ल होता थॉमस चिझम ॲन्स्टी. हा गृहस्थ पूर्वी पार्लमेंटचा सदस्य होता, मग हाँगकाँगला ॲटर्नी जनरल झाला आणि तिथल्या भांडणांपायी निलंबित होऊन अखेर मुंबईत आला. जिभेला धार आणि स्वभावाला लगाम नाही. न्यायमूर्तींशीसुद्धा भर कोर्टात भांडे. पण १८६२ च्या महाराज लायबल केसमध्ये करसनदास मूळजींची बाजू याच ॲन्स्टीने लढवली. वैष्णव महाराजांच्या अनाचाराबद्दल लिहिले म्हणून करसनदासांवर बदनामीचा दावा लागला होता. महाराजांविरुद्ध कुणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी कट केला, साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकण्याची भीती घातली. त्या कटाचा वेगळा खटला चालून पुढाऱ्यांना शिक्षाही झाली. मूळ दाव्यात डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले, खुद्द महाराजांची उलटतपासणी झाली आणि करसनदास जिंकले. म्हणजे धारदार उलटतपासणी हे हत्यार वाईटच असे कुणी म्हणू नये. ज्याच्यापुढे सारी जात वाकते, त्या माणसाला एका साध्या प्रश्नापुढे उभे करण्याची ताकद त्याच हत्यारात आहे. त्या वेळी बद्रुद्दीन इंग्लंडमध्ये शिकत होते. पण ते परत येऊन कामाला लागले तेव्हा ॲन्स्टी मुंबईतच होता. तो १८७३ मध्ये वारला. तोवरची पाच-सहा वर्षे या तरुण बॅरिस्टरच्या नजरेसमोर हे हत्यार दोन्ही बाजूंनी चालताना दिसत होते.

दुसरी बाजू कशी चाले? साक्षीदार बोले गुजराती, मराठी किंवा हिंदुस्थानी. वकील विचारी इंग्रजीत. मध्ये दुभाषी. एका वाक्यात तीन प्रश्न गुंफायचे, दुभाष्याने त्यातला एक सांगायचा, साक्षीदाराने त्याला हो म्हणायचे आणि कागदावर तिन्हींना हो उतरायचे. घाबरलेला माणूस आधीच्या उत्तरात जरा दुरुस्ती करू लागला की, ज्युरीकडे बघून सूचक हसायचे. वडिलांचे कर्ज, भावाचा तुरुंग, बायकोचे माहेर, यातले खटल्याशी संबंध नसलेले काहीतरी उकरून काढायचे. उत्तर काहीही येवो, प्रश्न विचारला गेला की काम झाले. हे डाव आजही तेच आहेत. माझ्या मामूंचा रोजा त्याच पोतडीतून निघाला होता.

बद्रुद्दीन यांच्याजवळ इंग्रज बॅरिस्टरांपाशी नसलेली एक गोष्ट होती. त्यांना साक्षीदाराची भाषा कळत होती. तय्यबजींच्या घरात गुजरातीची जागा उर्दूने घेतलेली, शाळेत फारसी झालेली, आणि मुंबईच्या बाजाराची बोली तर लहानपणापासून कानात. दुभाष्याने कुठे घसरगुंडी केली हे त्यांना जागच्या जागी कळे. त्यांच्या उलटतपासणीचे आणि ज्युरीपुढच्या भाषणांचे समकालीनांनी कौतुक केले आहे, आणि ते वाचताना ध्यानात येते की, त्यात आवाज चढवण्याची तारीफ कुठेच नाही. आहे ती तयारीची, शांतपणाची आणि मुद्दा न सोडण्याची. मवाळपणाने भागत नाही असे मानणाऱ्या आजच्या तरुण वकिलांना सांगायला हरकत नाही की, याच पद्धतीवर तय्यबजी मुंबईच्या सर्वांत मोठी कमाई असलेल्या बॅरिस्टरांत जाऊन बसले. म्हणजे ते काही संत नव्हते. अशिलाची बाजू जिंकायची म्हणूनच ते उभे राहत.

याच सुमारास, १८७२ मध्ये, पुराव्याचा कायदा आला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तो रचला. त्यात साक्षीदाराच्या बाजूने काही कलमे आहेत. सबळ आधार असल्याशिवाय चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा प्रश्न वकिलाने विचारू नये. विचारलाच, तर न्यायाधीश त्याची तक्रार वरच्या कोर्टाकडे करू शकतात. अश्लील, बदनामीकारक प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात. आणि ज्या प्रश्नाचा हेतू केवळ अपमान करणे किंवा छळणे असा दिसतो, किंवा जो प्रश्न रास्त असूनही विनाकारण दुखावेल अशा रीतीने विचारला जातो, तो न्यायाधीशांनी मना केलाच पाहिजे. याला वकीलवर्गातून कडाडून विरोध झाला होता, न्यायाधीश आमच्या जिभेवर बसणार म्हणून. कलमे राहिली. पुढे दीडशे वर्षांनी आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती जवळपास तशीच उतरली आहेत. मामूंच्या साक्षीच्या दिवशीही ती पुस्तकात होतीच.

१८७८ मध्ये हायकोर्टाची आजची काळ्या दगडाची इमारत उभी राहिली. तिच्या खांबांवर कोरलेले दोन प्राणी प्रसिद्ध आहेत. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले आणि हातात न्यायाचा तराजू धरलेले माकड, आणि गळ्यात वकिलाचे पांढरे बँड बांधलेला कोल्हा. कंत्राटदाराने सूड उगवला, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. खरे-खोटे काही असो. न्यायमूर्ती आणि वकील दोघांची एकाच वेळी फिरकी घेणारा तो कारागीर जाणता होता एवढे नक्की. दोष एकट्या कोल्ह्याचा नसतो.

सार्वजनिक कामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते सर्वज्ञात आहे. १८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेत निवडून आले. त्याच दशकात अंजुमन-ए-इस्लामची उभारणी झाली. १८८२ मध्ये कायदे कौन्सिलात नेमणूक झाली. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी, म्हणजे एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान बॅरिस्टर-वकील, हे त्रिकूट मुंबईच्या राजकारणात गाजले. १८८५ मध्ये त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला भरलेल्या काँग्रेसचे अध्यक्षपद तय्यबजींकडे आले. सर सय्यद अहमद यांना हे मुळीच पटले नव्हते. दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटले नाहीत, पण भाषा सभ्य राहिली. पडद्याबद्दलही त्यांची मते समाजाच्या पुढे होती. मुलींना त्यांनी शिकवले, काहींना इंग्लंडला पाठवले, आणि बोल लावणाऱ्यांना बोलू दिले.

यातला एक प्रसंग मात्र आपल्या विषयाचा आहे. १८८३ मध्ये इल्बर्ट बिल आले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या हिंदी न्यायाधीशाला युरोपियन आरोपीचा खटला चालवता यावा, एवढीच त्यात मागणी. त्यावर सारे गोरे लोक खवळून उठले. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ब्रॅन्सन नावाच्या बॅरिस्टरने हिंदी माणसांना उद्देशून असे गलिच्छ भाषण केले की, तिथल्या हिंदी सॉलिसिटरांनी त्याला काम देणे बंद केले. कोर्टात कमावलेली भाषा सभेत आणली की काय होते त्याचा हा नमुना. एप्रिलमध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये बिलाच्या बाजूने सभा झाली. बोलणारे मेहता, तेलंग आणि तय्यबजी. शिवीला शिवी द्यायला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. तिघांनी कायदा, नेमणुका आणि समान वागणूक एवढ्यावरच बोट ठेवले.

जून १८९५ मध्ये तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्या आसनावर बसणारे ते पहिले मुसलमान. पगार वकिलीच्या कमाईपेक्षा कमी. आता ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेले होते आणि त्यांच्यासमोर तेच बार उभे होते, ज्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षे काढली होती. कोण कधी आवाज चढवतो आणि का चढवतो हे त्यांना नव्याने शिकायचे नव्हते.

न्यायाच्या आसनाबद्दल आपल्या परंपरेत जे सांगितले आहे, ते रमजानच्या निमित्ताने आठवावे. बुखारीतील एका हदीसचा आशय असा की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वादी-प्रतिवादींना सांगितले, मी माणूस आहे, तुमचे ऐकून निवाडा देतो. तुमच्यातला एखादा दुसऱ्यापेक्षा बोलण्यात तरबेज असेल आणि त्याच्या बोलण्यावरून मी त्याच्या भावाचा हक्क त्याला देऊन टाकेन. तसे झाले तर त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा असेल. हजरत उमर (र.) यांनी अबू मूसा अशअरींना लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे त्यात काजीला बजावले आहे की, नजरेत, बसवण्यात आणि वागवण्यात दोन्ही पक्ष सारखे ठेव, म्हणजे वजनदार माणसाला तुझ्याकडून अन्यायाची आशा वाटणार नाही आणि दुबळा तुझ्या न्यायाबद्दल निराश होणार नाही. कूफ्याचे काजी शुरैह यांची एक रिवायत तर वकिलीच्या वर्गात शिकवावी अशी. त्यांच्यापुढे एक बाई धाय मोकलून रडू लागली. जवळ बसलेल्या विद्वानाला वाटले, बिचारीवर जुलूम झालेला दिसतो. शुरैह यांनी आठवण दिली की, यूसुफला विहिरीत टाकून त्याचे भाऊ बापाकडे आले तेव्हा तेही रडतच आले होते. रडणे असो, ओरडणे असो, काजीने दोन्हीच्या पलीकडे पाहायचे.

तय्यबजींपुढे हे पाहण्याची सर्वांत कठीण वेळ आली १८९७ च्या ऑगस्टात.

ते साल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पुण्यात प्लेग, रँडची घरझडती, २२ जूनच्या रात्री रँड आणि आयर्स्टवर झालेल्या गोळ्या. खुनी सापडेना, आणि मुंबईच्या अँग्लो-इंडियन पत्रांनी केसरीकडे बोट दाखवायला सुरुवात केली. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली. आरोप राजद्रोहाचा, कलम १२४-अ. आधार १५ जूनच्या केसरीतला मजकूर. त्यात शिवाजी उत्सवाची हकीकत होती आणि अफजलखानाच्या वधाची चर्चाही होती. लेखाचा खुनाशी संबंध आहे असा आरोप सरकारने ठेवलाच नव्हता. पण ठेवण्याची गरजही नव्हती. लेख आणि खून यांच्यामध्ये एकाच आठवड्याचे अंतर, आणि तेवढे हवेत तरंगत ठेवले की पुरे. कोर्टातली सर्वांत मोठी जरब पुष्कळदा अशी असते. कुणी ओरडत नाही, कुणी बोट नाचवत नाही, फक्त खोलीतली हवा जड असते आणि आरोपीला सोडणारा न्यायाधीश जणू खुन्याला सोडतो आहे असे वातावरण असते.

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला, तोही न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे त्या वेळी मंजूर झाला नाही. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर ४ ऑगस्टला पुन्हा अर्ज झाला. या वेळी आसनावर तय्यबजी होते. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले. सरकारचा विरोध होता.

तय्यबजी आणि टिळक यांचे राजकारण जुळणारे नव्हते. एक मवाळांतला मवाळ, दुसरा जहालांचा नेता. १८९३ च्या दंग्यानंतर केसरीने जे लिहिले ते मुंबईच्या मुसलमान पुढाऱ्यांना आवडण्याजोगे नव्हते. आणि समोरचा लेख अफजलखानाच्या वधासंबंधी. सरकारी पक्षाने हे बोलून दाखवण्याची गरज नव्हती, ते सर्वांना दिसत होते. आधीच्या न्यायमूर्तींनी नाकारलेला अर्ज तय्यबजींनीही नाकारला असता, तर त्यांना कुणी नाव ठेवले नसते.

त्यांनी जामीन दिला. पन्नास हजारांचा जातमुचलका आणि पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन जामीनदार. रक्कम त्या काळी अफाट होती, पण दार उघडले. कारणे त्यांनी साध्या भाषेत दिली. जामिनाचा मुख्य हेतू आरोपी खटल्याला हजर राहावा एवढाच. हा आरोपी पळून जाईल असे मानायला जागा नाही. बचावाची तयारी करायला, वकिलांना हकीकत समजावून द्यायला त्याला मोकळीक पाहिजे. आणि महिनाभर तुरुंगात ठेवून शेवटी तो निर्दोष ठरला, तर न्यायाचा हेतूच फसला असे होईल. बस्स. लेखाबद्दल एक शब्द नाही, शिवाजीबद्दल नाही, अफजलखानाबद्दल नाही, रँडबद्दल तर नाहीच. ज्या हवेने सारी खोली भरून टाकली होती, ती त्यांनी निकालात शिरूच दिली नाही.

त्या एका महिन्यात काय झाले ते पाहिले म्हणजे जामिनाची किंमत कळते. टिळक बाहेर आले, कागद जमवले, साथीदारांना भेटले. बंगालमध्ये बचावनिधी जमला, रवींद्रनाथ ठाकूरही त्या कामात होते. कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे बॅरिस्टर आले. कोठडीतल्या माणसाला यातले किती साधले असते? आपल्याकडे उलटतपासणीतल्या दमदाटीची चर्चा पुष्कळ होते. पण खटला उभा राहण्याआधीच आरोपीला आत ठेवून त्याचा धीर आणि पैसा दोन्ही संपवणे, हा त्याहून जुना आणि जास्त खात्रीचा डाव आहे, आणि तो आजही खेळला जातो.

जामिनाने टिळक सुटले मात्र नाहीत. ८ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला सुरू झाला. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. टिळकांचा मराठी मजकूर बहुतेक ज्युरींना वाचता येत नव्हता, भाषांतरावर सारा खेळ. स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावताना राजद्रोहाचा अर्थ इतका ताणला की, सरकारबद्दल प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, इथवर तो पोचला. वकिलाने शब्दांची कसरत केली तर न्यायाधीश आवरू शकतो. न्यायाधीशच ती करू लागला तर आवरायचे कुणी? १४ तारखेला सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले, तिन्ही हिंदी ज्युरी त्यांच्या बाजूने होते. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. स्ट्रॅची पुढल्याच वर्षी अलाहाबादला मुख्य न्यायमूर्ती झाले.

तय्यबजींचेही थांबले नाही. १९०२ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. मुंबईत त्या जागेवर बसलेले ते पहिले हिंदी. पुढल्या वर्षी मुंबईत भरलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. डोळ्यांची जुनी तक्रार संपली नव्हती. १९०६ मध्ये ते इंग्लंडला गेले असताना १९ ऑगस्टला लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मय्यत मुंबईला आणली गेली आणि इथेच दफन झाले.

दोन वर्षांनी, १९०८ च्या जुलैत, टिळक पुन्हा त्याच हायकोर्टात, त्याच कलमाखाली आरोपी होते. या वेळी कारण मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतरचे केसरीतले लेख. जामिनाचा अर्ज घेऊन एक तरुण बॅरिस्टर उभा राहिला, महंमद अली जिना. त्याने मांडलेले मुद्दे १८९७ मध्ये तय्यबजींनी उचलून धरले होते तेच होते: आरोपी पळणार नाही, त्याला बचावाची तयारी करायची आहे, तुरुंगात ती होत नाही. आसनावर होते न्यायमूर्ती दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी हेच मुद्दे तय्यबजींपुढे टिळकांसाठी ज्यांनी मांडले होते, तेच दावर.

दावर यांनी अर्ज फेटाळला, आणि कारणे सांगणेही टाळले. टिळकांनी कोठडीत बसून बचाव तयार केला आणि स्वतःचा खटला स्वतः चालवला. त्यांचे ज्युरीपुढचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. निकालही सात विरुद्ध दोन मतांनी लागला. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. बाहेर पाऊस आणि गर्दी. टिळकांना मागच्या बाजूने काढून त्याच रात्री खास गाडीने साबरमतीच्या तुरुंगाकडे रवाना करण्यात आले. मंडाले अजून पुढे होते.